दांडीचा बर्फ आणि समाधानाचा दाखला

संपादकांनी पत्रात दोन अटी घातल्या आहेत: नोकरीतले अनुभव लिहा, आणि अतिशयोक्ती टाळा. दुसरी अट पाळायची तर माझा लेख पोस्टकार्डावर मावेल. म्हणून मी मधला मार्ग काढला आहे. जिथे मी वाढवून सांगतोय ते वाचकाला आपोआप कळेल. जिथे कळणार नाही, तिथे ते खरं आहे असं समजावं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका लीज कंपनीचा बोईसरचा माणूस होतो. साहेब म्हणावं इतका मोठा नव्हतो आणि शिपाई म्हणावं इतका उपयोगाचा नव्हतो. कंपनीचं ऑफिस मुंबईला, काचेचं, गारेगार. बोईसरला स्टेशनजवळच्या एका गाळ्याच्या माडीवर मी, एक टेबल, एक पंखा आणि तीनशे फायली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज नवी शेड उभी राहत होती. धूर इतक्या रंगांचा निघायचा की आमचा धोबी कपडे परत देताना विचारायचा, “साब, ये शर्ट पहले कौन से रंग का था?”

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा समजावून सांगतो. तुम्हाला मशीन हवं आहे, पण एकरकमी घेण्याची ऐपत नाही. तुम्ही चार ठिकाणी हिंडून, कॅटलॉग चाळून मशीन पसंत करता. आमची कंपनी ते विकत घेते आणि तुम्हाला भाड्याने देते. मशीन उतरतं तुमच्या शेडमध्ये, बिल फाटतं आमच्या नावाने. भाडं तुम्ही पाच वर्षं भरायचं. मशीन चालो, बंद पडो, त्यात घुबड अंडी घालो, भाडं चुकायचं नाही. करारात तसं छापलेलंच होतं, घुबड सोडून.

इथवर सगळं गोड. आता समजा मशीन खराब निघालं. समजा खानावळीत ताटं तुम्ही मागवलीत, जेवलात तुम्ही, पण बिल माझ्या नावाने फाटलं. आमटीत झुरळ निघालं. खानावळवाला म्हणतो, बिल ज्याच्या नावावर त्याने तक्रार करावी. मी म्हणतो, मी जेवलोच नाही, मला झुरळाचं काय. आणि तुम्ही झुरळाकडे बघत बसता. लीजच्या धंद्यात झुरळ नेहमी भाडं भरणाऱ्याच्या वाटीत निघतं.

माझं काम तीन प्रकारचं. मशीन खरोखर आहे का ते बघायचं. त्यावर ‘हे यंत्र अमुक कंपनीच्या मालकीचे आहे’ अशी पितळी पाटी ठोकायची. आणि एका कागदावर सही घ्यायची.

पहिल्या कामातली गंमत ऐका. मनोरच्या एका पार्टीने तीन जनरेटर घेतले होते, एक मनोरला, एक पालघरला, एक वाणगावला. मनोरचा बघितला, चहा झाला. पालघरला गेलो, तिथे त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. वाणगावला पोचलो तर आधी दोन तास चिकू खायला घातले. तिन्ही जनरेटर एकदम झकास. फक्त तिन्हींच्या डिझेल टाकीवर तीच शेपूट तुटलेली पाल बसलेली. बिचारी दिवसभर ट्रकमधून माझ्या पुढे पुढे हिंडत होती. मी मालकाला म्हटलं, “जनरेटर एक आहे ते ठीक, पण या पालीला प्रवासभत्ता देता का?”

पाटीचं म्हणाल तर एका रसायनाच्या कारखान्यात मी सोमवारी पाटी ठोकली आणि गुरुवारी ती नव्हती. चोरीला गेली नव्हती, वाफेने खाल्ली होती. चार स्क्रू तेवढे शिल्लक. मुंबईहून विचारणा आली, पाटी कुठे आहे? मी कळवलं, “हवेत.”

तिसरं काम सहीचं. त्या कागदाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. बोईसरात सगळे त्याला ‘समाधानाचा दाखला’ म्हणत. त्यावर इंग्रजीत आणि खाली सोयीसाठी मराठीत छापलेलं असायचं: ‘यंत्र मिळाले. चालवून पाहिले. समाधानकारक आहे.’ भाडेकरूची सही, खाली ‘माझ्या समक्ष’ म्हणून माझी. हा कागद मुंबईला पोचला की सप्लायरला पूर्ण पैसे सुटत आणि भाडं सुरू होई. म्हणजे सगळा खेळ त्या चिटोऱ्यावर.

आता आमच्या भागात पूजा केल्याशिवाय कोणी मशीनचं बटण दाबत नाही. मशीन उतरलं की चांगला दिवस बघायचा, गुरुजी बोलवायचे, मशीनला हार घालायचा, चाकाला हळदकुंकू लावायचं. याचा मी फायदा उठवला, हे कबूल करतो. माझ्या पिशवीत कायम एक नारळ, पेढ्यांचा पुडा आणि कोरा दाखला. गुरुजी म्हणाले, ‘हं, आता शुभ वेळ आहे,’ की मी पेन पुढे करायचो. मुहूर्तावर समोर आलेलं पेन परत करणारा माणूस मला तालुक्यात भेटला नव्हता. ‘आधी चालवून बघतो, मग सही करतो’ असं देवासमोर म्हणायचं कसं? मशीनला अपशकुन नाही का होणार? वायर जोडलेली नसेल, पट्टा चढवलेला नसेल, चालवायला माणूस आलेला नसेल; सही मात्र मुहूर्तावर. मुंबईत माझं नाव झालं होतं. दाखले सर्वांत लवकर बोईसरहून येतात. कसे येतात हे कोणी विचारलं नाही, आणि मी काही स्वतःहून सांगणारा नव्हे.

मग दांडीची भागीबाय तामोरे आली.

दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. भागीबाय पन्नाशीची, चौथीपर्यंत शिकलेली, तीस वर्षं मासळीच्या बाजारात काढलेली. तिचा आवाज असा की तिने दांडीच्या किनाऱ्यावरून हाक मारली तर पलीकडच्या नवापूर गावच्या होड्या उगाचच मागे वळायच्या. होड्यांना लागणारा बर्फ तेव्हा बाहेरून टेंपोने यायचा, वाटेत निम्मा वितळायचा, आणि टेंपोवाला उरलेला उपकार केल्यासारखा द्यायचा. भागीबायने ठरवलं, बर्फ गावातच करायचा. तिने बर्फाचं मशीन लीजवर घेतलं आणि गावातल्या बावीस होड्यांना शब्द दिला: नारळी पुनवेला होड्या निघतील त्या माझा बर्फ घेऊन. टेंपोवाल्याला नाही सांगून टाकलं. त्याने जाताना ऐकवलं, “येशील परत, भागीबाय. तेव्हा भाव माझा.”

मशीन विकणाऱ्या सप्लायरचा माणूस सरपोतदार. पांढरी पँट घालून दांडीला आला, पालथ्या होडीवर रुमाल टाकून बसला आणि बोलत सुटला. मी स्वतः थापाडा, पण त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसून शिकलो. भागीबायने सगळं ऐकून घेतलं आणि कॅटलॉग त्याच्यापुढे केला. “बोलताव ता हिकडं लिवा.” त्याने कॅटलॉगच्या मागे झोकात लिहिलं: ‘रोज दहा टन बर्फ, गाभ्यापर्यंत कडक. हमी.’ खाली सही. तिने तो कॅटलॉग घडी करून कमरेला खोचला.

अक्षय्य तृतीयेला शेडमध्ये पूजा झाली. कॉम्प्रेसरला झेंडूचा हार. शेजारी तारापूरला अणूतून वीज निघते, पण भागीबायच्या शेडची जोडणी अजून यायची होती. गुरुजींनी वेळ झाल्याची खूण केली, मी पेन पुढे केलं.

ती म्हणाली, “सायेब, मशीन तं अजून गप हाय.”

“बाय, हे नुसतं रीतीचं असतं. वेळ निघून चालली.”

तिने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं. तिने सही केली. खाली मी केली, तारीख घातली. सरपोतदारने पेढा घेतला, मग अजून एक घेतला.

अठरा दिवसांनी वीज आली. मशीन सुरू झालं. आमच्याकडे बर्फाच्या मोठ्या ठोकळ्याला लादी म्हणतात. खाऱ्या पाण्याच्या गार टाकीत गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे सोडतात आणि डब्यात लादी गोठते, बाहेरून आत. भागीबायच्या लाद्या वरून पांढऱ्याशुभ्र. टोचा मारला की पोटातून पाण्याची चिळकांडी. चार बोटं कवच, आत नुसतं पाणी. असली लादी होडीत दुसऱ्या दिवशी संपते, आणि मासळी तिसऱ्या दिवशी. मशीन चालवायला ठेवलेला रामदुलार दोन दिवस कॉम्प्रेसरला कान लावून बसला आणि म्हणाला, “बाई, इन्होंने घोड़ा बोल के खच्चर दे दिया. छोटा कॉम्प्रेसर है. दस टन क्या, छह भी नहीं खींचेगा.”

भागीबायने सप्लायरला फोन लावला. सरपोतदार अतिशय गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, आपल्याशी आमचा व्यवहारच नाही. आमची कस्टमर लीज कंपनी. आपण फक्त वापरणाऱ्या. शिवाय समाधानाचा दाखला आहे आमच्याकडे, आपल्याच सहीचा.”

एके सकाळी जिन्यावर तिचा आवाज आला. मी खालच्या टपरीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की साहेब पालघरला गेलेत म्हण. त्याने तसं सांगितलं. ती म्हणाली, “मंग वरती पंखा कोणासाठी फिरतंय, भुतासाठी?” आणि वर आली. मागे रामदुलार, खांद्यावर गोणपाटात, भाताच्या तुसात गुंडाळलेली लादी. त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली. भागीबायने टोचा काढला आणि एकच घाव घातला. पाणी तीनशे फायलींवर गेलं. निदान तीसवर तरी गेलं. माझ्या मांडीवर नक्की गेलं.

“घ्या,” ती म्हणाली. “तुमचा समाधानकारक.”

मी कंपनीचं पाठ केलेलं उत्तर दिलं. मशीन तुम्ही निवडलं, आम्ही फक्त विकत घेतलं. चांगल्या-वाईटाची जबाबदारी आमची नाही.

ती खुर्चीत बसली. “म्हंजे इकणारा म्हणतंय, तू घेणारी नाय. घेणारा म्हणतंय, मी वापरणारा नाय. मंग मी कोण, सायेब? बर्फ?”

 माझी सुटका व्हावी म्हणून मी तिला पालघरच्या चुरी वकिलांचा पत्ता दिला. तिने पत्ता घेतला आणि माझी कॉलरही घेतली, म्हणजे जवळजवळ. “पत्ता मला कशाला? तुमीच दाखवा. आन माजी फाईल बी घ्या.” दुपारच्या एसटीने तिघे पालघरला गेलो: ती, मी आणि कमरेला खोचलेला कॅटलॉग.

चुरी वकिलांची खोली कोर्टाजवळ, एक खिडकी, एक बाक. माणूस किडकिडीत, आवाज त्याहून बारीक. पण मी त्यांना जे करताना बघितलं ते आयुष्यात दुसऱ्या कोणाला करताना बघितलं नाही. त्यांनी आमचा लीजचा करार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. बावीस पानं, मुंगीएवढी अक्षरं. अख्ख्या तालुक्यात तो करार सबंध वाचलेला हा पहिला प्राणी. मीदेखील तिसऱ्या पानापुढे कधी गेलो नव्हतो, आणि पगार त्याचाच घेत होतो.

एकविसाव्या पानावर ते थांबले. “हे बघा. ‘सप्लायरने दिलेल्या सर्व हमींचा लाभ भाडेकरूला घेता येईल. भाडेकरूने मागणी केल्यास कंपनी आपल्या नावाने सप्लायरवर दावा करण्याचं अधिकारपत्र भाडेकरूला देईल.’” मग माझ्याकडे बघून, “आजवर किती जणांनी मागितलं?”

“एकानेही नाही.”

“कलम आहे हे तुम्ही कधी कोणाला सांगितलंत?”

मी पंख्याकडे बघितलं. वकिलांच्या खोलीत पंखा नव्हता. मला वाणगावचा मिरची दळणारा आठवला. त्याचं दळणयंत्र दुसऱ्या महिन्यात बसलं. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्याने विचारलं होतं, ‘आता मी कोणाकडे जाऊ?’ मी खांदे उडवले होते. तो मेलेल्या यंत्राचं भाडं शेवटपर्यंत भरत राहिला. आणि त्याचं उत्तर सगळा वेळ माझ्याच कपाटात, एकविसाव्या पानावर होतं. या लेखात मी पुष्कळ ठिकाणी हसलो आहे. इथे हसता येत नाही.

चुरी वकिलांनी मग तिला सोप्या भाषेत समजावलं. मशीन विकत घेतलं कंपनीने, म्हणून खरेदीदाराचे हक्क कंपनीचे. पण कंपनी ते वापरणार नाही, तिला भाडं मिळतंय. तेव्हा ते हक्क लिहून तुमच्या हातात घ्यायचे. हा झाला एक रस्ता. दुसरा तुमच्या कमरेला आहे. या सरपोतदाराने दहा टनांचं वचन कंपनीला दिलेलं नाही, तुम्हाला दिलंय. त्या वचनावर तुम्ही मशीन पसंत केलं, तुम्ही पसंत केलं म्हणून कंपनीने त्याला पैसे दिले. आता ‘तुम्ही कोण’ असं त्याला विचारता येत नाही.

भागीबायने कॅटलॉग काढून टेबलावर ठेवला. मासळीचा वास खोलीभर पसरला. वकिलांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

“पण,” ते म्हणाले, “हा दाखला आडवा येतो. ‘चालवून पाहिले, समाधानकारक आहे.’ सही तुमची. कोर्ट विचारेल, तेव्हा का नाही बोललात?”

भागीबायने दाखला आपल्याकडे ओढून घेतला. ओठ हलवत तारीख वाचली. मग म्हणाली, “वकीलसायेब, येच्यावं तारीख आखाजीची हाय. वीज आली तवा आखाजी होऊन अठरा दिस झालेले. वीजवाल्यांचा कागद हाय माज्याकडं. मंग त्या दिशी मशीन चाललं कशावं? हवेवं?”

चुरी वकील खुर्चीतून अर्धे उठले. पस्तीस वर्षं वकिली केलेला माणूस, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असा की जणू आत्ताच सनद मिळाली. “बाई,” ते म्हणाले, “तुम्ही इथे बसा, मी तिकडे बाकावर बसतो.”

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कारण त्या खोट्या वाक्याखाली दुसरी एक सही होती. ‘माझ्या समक्ष.’ वीज नव्हती हे कागद सांगत होता. पण मशीन चालवलंच नाही, सही मुहूर्तावर घेतली, हे शपथेवर सांगणारा माणूस एकच होता, आणि त्याला नोकरी प्रिय होती.

मी म्हटलं, विचार करतो. परतीच्या एसटीत भागीबाय शेजारी बसली. तिने विनवणी केली नाही, धमकी दिली नाही. वाटेतलं उमरोळी गेल्यावर एवढंच म्हणाली, “खोटं मी बी लिवलं. न वाचता सही केली, ता मी वकिलाम्होरं कबूल केलं. माजं झालं. आता तुमचं तुमी बगा.” आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्याऐवजी तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बोईसरला मी निवांत उतरलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी पालघरला जाऊन लिहून दिलं. इथे मला शौर्याचा एक परिच्छेद लिहायचा होता, पण खरं असं की लिहिताना मी इतकी खाडाखोड केली की वकिलांनी मध्येच कागद बदलून दिला.

त्यांनी नोटीस काढली, एक कंपनीला, एक सप्लायरला. कंपनीला अगदी नम्रपणे विचारलं होतं, की भाडं जर मशीन चालो न चालो घ्यायचं, तर हक्कही तसाच बिनतक्रार द्यायला नको का? आणि शेवटी एक ओळ: तुमच्या माणसाच्या निवेदनाप्रमाणे या भागातले दाखले मुहूर्तावर, मशीन चालवण्यापूर्वी घेतले जातात, हे कोर्टासमोर मांडावं लागेल.

ती ओळ वाचून मुंबईच्या काचा थरथरल्या म्हणतात. एक दाखला खोटा ठरला तर कपाटातले सगळे संशयात. बड्या साहेबांचा मला फोन आला, “तुम्ही कोणाचा पगार खाता?” या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं याच्या माझ्याकडे तीन आवृत्त्या आहेत. लग्नकार्यात सांगायची सर्वांत बाणेदार आहे. खरी अशी: मी म्हणालो, “हॅलो? हॅलो? लाईन नीट येत नाहीये.”

आठव्या दिवशी अधिकारपत्र आलं. दोन ओळींचं, पण त्याने जादू केली. सरपोतदारची कंपनी आमच्या मार्फत कितीतरी मशीन विकायची. आता भागीबायच्या मागे खुद्द खरेदीदार उभा होता, आणि पुढे तिचा कॅटलॉग. कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही. मोठा कॉम्प्रेसर देतो, असं त्यांनी लेखी कळवलं.

माझं काय झालं तेही सांगून टाकतो. मला मेमो मिळाला, पगारवाढ अडकली, आणि दाखल्यांच्या वेगात बोईसरचा नंबर पहिल्यावरून शेवटी गेला. कारण भागीबाय बाजारात बसायची आणि बाजारात सगळे यायचे. वर्षभरात वसाहतीतला लेथवालाही मला सांगू लागला, “नारळ ठेवा साहेब. कागद घेऊन पंधरा दिवसांनी या.” मीही एकविसाव्या पानाची खूण म्हणून प्रत्येक करारात केरसुणीची एक काडी घालून देऊ लागलो. मुंबईला वाटायचं, बोईसरला फार केरसुण्या झिजतात.

तर नवा कॉम्प्रेसर नारळी पौर्णिमेच्या सहा दिवस आधी उतरला आणि तीन दिवसांत जोडून झाला. सरपोतदार स्वतः आला, आणि काय आश्चर्य, नारळ, पेढे आणि गुरुजी तोच घेऊन आला! पिशवीत नवा दाखला. माझी विद्या मला समोरून बघायला मिळाली. पूजा झाली. भागीबायने मनापासून हात जोडले, मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ असा फोडला की पाणी सरपोतदारच्या पांढऱ्या पँटवर.

तो पेन पुढे करून म्हणाला, “मॅडम, वेळ उत्तम आहे. गुरुजी सांगतायत, असा योग पुन्हा नाही.”

“योग देवाचा, ता देवाला वाह्यला,” ती म्हणाली. “सही बर्फाची. बर्फ होऊं द्या.”

“पण मुहूर्त टळेल.”

“टळू दे. माज्या होड्या टळायला नको.”

गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि हळूच मला म्हणाले, “बरोबर बोलली हो.”

पुढचे दोन दिवस ती शेडमध्येच होती. सरपोतदार बोईसरच्या लॉजवर, ढेकणांशी व्यवहार करत. तिसऱ्या दिवशी सकाळी रामदुलारने डबे वर ओढले. सरपोतदारने मधला एक डबा दाखवला, “हा फोडून बघा.” भागीबाय म्हणाली, “नाय. कोपऱ्यातला काड.” टाकीच्या कोपऱ्यात गारवा सगळ्यात शेवटी पोचतो, हे तिला मागच्या बर्फाने शिकवलं होतं. लादी बाहेर आली. तिने टोचा मारला. शेडमध्ये बावीस होड्यांचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे प्रमुख, माना पुढे काढून उभे होते. लादी दुभंगली. आत कोरडी, काचेसारखी. तिने दुसऱ्या कोपऱ्यातली फोडली. तिसऱ्या. चौथ्या. मग मधल्या. अकरा लाद्या फोडल्या तिने. सातवीनंतर सरपोतदार म्हणाला, “मॅडम, आता बर्फच उरणार नाही.” ती म्हणाली, “मागचा तं न फोडताच उरत नव्हता. बगू द्या.”

मग तिने दाखला मागितला. जमिनीवर बसून वाचला, मराठीतला सगळा. ‘चालवून पाहिले’ या शब्दांवर काट मारली आणि माझ्याकडे कागद दिला. “लिवा. दोन दिस दोन राती चालवलं. कोपऱ्यातल्या चार धरून अकरा लाद्या फोडल्या. पानी निगलं नाय. फुडं निगलं तं परत बगू.” मी लिहिलं. तिने खाली सही केली, अक्षर अक्षर लावून. सरपोतदारने हात पुढे केला.

“थांबा,” ती म्हणाली. “ह्यांची रायली. ‘समक्ष’ लिवलंय. या टायमाला होताव ना, सायेब?”

मी कागद वाचला. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. माझ्या नोकरीतला हा पहिलाच दाखला होता ज्यातलं प्रत्येक वाक्य घडलेलं होतं. मी सही केली. सरपोतदारने कागदाचं एक टोक धरलं, पण दुसरं भागीबायच्या चिमटीत होतं आणि ती काही सोडेना. तिचं लक्ष शेडच्या मागच्या धक्क्याकडे होतं. भरती लागली होती. तिथे पहिल्या होडीच्या खणात बर्फ कोसळल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिने बोटं उघडली.